मधला माणूस

अण्णांची आणि जी. ए. कुलकर्णी यांची ओळख नव्हती. ती कशी नव्हती, हे अण्णा गेली पन्नास वर्षं सांगत आले आहेत.

मोठ्या लेखकाशी ओळख असलेल्या माणसांचा आपल्याकडे कधी तुटवडा पडलेला नाही. लेखक गेला की तेराव्याच्या आत त्याचे जिवलग वाढायला लागतात. हयातीत ज्याला तो ‘आपण कुठले?’ असं दरवेळी नव्यानं विचारायचा, तो आता त्याचा उल्लेख एकेरीत करतो. वर्षश्राद्धाला आठवणींचं पुस्तक येतं. त्यात लेखकाचे फोटो चार आणि आठवणकाराचे अकरा. हा रस्ता अण्णांनाही मोकळा होता. वीसेक वर्षं ते आणि जी. ए. एकाच धारवाडात नांदले; एवढ्या भांडवलावर लोकांनी दोन-दोन आवृत्त्या काढल्या आहेत. पण अण्णांचा दावा नेमका उलटा. ‘माझ्याशी ते एक अक्षर बोलले नाहीत,’ हे वाक्य ते अशा थाटात टाकतात, की ज्यांच्याशी जी. ए. बोलले ती माणसं ऐकणाऱ्याला एकदम हलकी वाटायला लागतात.

यामागे अण्णांचं तर्कशास्त्र आहे. जी. ए. माणसांना टाळत, हे तर सगळ्या मराठी मुलखाला ठाऊक. अनोळखी माणूस भेटायला आला की त्यांच्या अंगावर काटा येई, सभा-समारंभांना ते जात नसत, आणि फोटोतसुद्धा काळ्या चष्म्याच्या मागेच उभे असत. तर या माणसानं अण्णांना सुभाष रोडवर दोनदा टाळलं. समोरून येत होते, अण्णांना पाहिलं आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूनं गेले.

‘‘ओळख नसलेल्या माणसाला कोण टाळतंय हो?’’ अण्णा विचारतात. ‘‘टाळायला आधी ओळखावं लागतं की!’’

याला उत्तर नाही. मी शोधून पाहिलं.

अण्णा धारवाडच्या पोस्टात होते. खिडकीवर. तिकिटं, आंतरदेशीय, रजिस्टर, पार्सल, मनीऑर्डर, असं आलटून पालटून सगळ्या खिडक्यांवर बसून झालं, आणि निवृत्त झाल्यावर मुलाकडे पुण्याला आले. आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. पुण्यात येऊन इतकी वर्षं झाली, पण बोलणं धारवाडातच राहिलंय. त्यांच्या तोंडून ‘बोलायलाय’, ‘करायलाय’ ऐकलं की आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी त्यांना ‘कर्नाटकातले का?’ म्हणून विचारतात. अण्णा शांतपणे सांगतात, ‘‘छप्पन्न साली आम्ही कुठं गेलो नाही. राज्य आलं आणि गेलं.’’ धारवाड १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होतं, हे सेक्रेटरींना कळेपर्यंत अण्णा जिना चढून गेलेले असतात.

तर त्या खिडकीवर एक गृहस्थ येत. काळा चष्मा, हातात जाड पाकीट. पाकीट तराजूत ठेवत, अण्णा वजन सांगत, गृहस्थ पैसे मोजून देत आणि जात. संवाद एवढाच, आणि त्यातलाही बोलका भाग अण्णांचा.

‘‘पण ते जी. ए.च होते, कशावरून?’’ मी एकदा धीर करून विचारलं. धारवाडात ऊन असतं, आणि काळे चष्मे तिथंही विकत मिळतात.

अण्णांनी माझ्याकडे कमी तिकिटाच्या पत्राकडे बघावं तसं बघितलं. ‘‘पत्ता वाचत होतो की मी. सत्यकथा मासिक, खटाववाडी, गिरगाव, मुंबई ४. धारवाडातनं गिरगावला एवढं जाड पाकीट पाठवणारा दुसरा कोण होता, सांगा बघू?’’

आता, ‘सत्यकथे’ला जाड पाकिटं पाठवणारे त्या काळात कुठल्या गावात नव्हते? फरक इतकाच की बाकीच्यांची परत येत. त्या परत आलेल्यांत एक पाकीट अण्णांचं होतं. जातानाचा शिक्का त्यांनी स्वतः मारला होता आणि येतानाचंही त्यांच्याच हाती पडलं, हे मला काकूंनी सांगितलं. अण्णांनी हा विषय कधी काढलेला नाही.

पण एकदा ते गृहस्थ जी. ए.च होते असं मानलं, की पुढचं सगळं आपोआप सिद्ध होतं. जी. एं.च्या कथा मोठ्या संख्येनं ‘सत्यकथे’त आल्या. म्हणजे त्या पोस्टातून गेल्या. म्हणजे संपादक राम पटवर्धनांच्या आधी, श्री. पु. भागवतांच्या आधी, त्या अण्णांच्या हातात होत्या. ‘‘समीक्षकांनी पुढं काय तोललं असंल ते असंल,’’ अण्णा म्हणतात, ‘‘पहिल्यांदा मी तोललंय. ग्रॅममधे.’’

शिवाय पत्रं. माणसांपासून पळणाऱ्या या माणसानं आयुष्यभर पत्रं मात्र रिमच्या रिम लिहिली. त्यांतली निवडकच छापायची म्हटली तरी चार खंड झाले. सुनीताबाई देशपांड्यांनी त्यांना लिहिलेल्या पत्रांचं पुस्तक वेगळंच. हे खंड अण्णांनी वाचले आहेतच, पण तारखा लावून वाचले आहेत. प्रत्येक पत्राच्या वरच्या कोपऱ्यातली तारीख बघायची, आपण त्या दिवशी कुठल्या खिडकीवर होतो ते आठवायचं, आणि समासात पेन्सिलीनं ‘मी’ किंवा ‘रजेवर’ असं लिहायचं. मराठी साहित्यात अशी टिपणं असलेली प्रत दुसरी नसावी.

एवढी तयारी असलेल्या माणसाला कळलं, की एका वाहिनीवर जी. एं.वर तासाभराचा माहितीपट दाखवणार आहेत. धारवाडला जाऊन चित्रीकरण केलंय. अनेकांच्या मुलाखती घेतल्यात. आणि अण्णांना कुणी विचारलं नाही.

‘‘लिहिणाऱ्याबद्दल विचारलं,’’ अण्णा बोटं मोडत म्हणाले, ‘‘पत्रं ज्यांना गेली त्यांना विचारलं. मधल्या माणसाला विचारलं नाही!’’

रविवारी अकराला मला वर बोलावणं आलं. काकूंनी गिरमिट आणि मिरची भजी केली होती. धारवाडहून कुणीतरी लाइन बाजारचे पेढे आणून दिले होते, तेही मांडले होते. तिपाईवर पत्रांचे चार खंड चिठ्ठ्या घालून तयार. अण्णा काळा चष्मा लावून बसले होते. हा चष्मा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी आठ दिवसांसाठी दिला होता. त्याला आता बरीच वर्षं झाली. काकू म्हणाल्या, ‘‘टीव्ही बघताना तरी काढा.’’ अण्णा म्हणाले, ‘‘आजच्या दिवशी तरी काढू नका म्हण.’’

माहितीपट कावळ्यानं सुरू झाला. मग वठलेलं झाड. मग धुकं. मग सारंगी. सारंगी वाजायला लागली की कुणीतरी गेलेलं असतं किंवा जाणार असतं. माहितीपटाला तेवढंच पुरतं. धुक्यातून एक पाठमोरा माणूस चालत गेला. मग तोच माणूस उलट बाजूनं चालत गेला. निवेदक घोगऱ्या आवाजात म्हणाला की हा प्रवास अंधाराचा होता.

‘‘एवढं धुकं?’’ अण्णा म्हणाले. ‘‘आमच्या गावात चिखल असतोय. लाल. चप्पल अडकती त्यात. धुकं सोडून सोडलंय बघा यंत्रानं!’’

मग कॅमेरा वर उडाला आणि धारवाड वरून दिसलं. झाडं, कौलं, टाक्या. अण्णांना हे अजिबात पटलं नाही. घारीच्या डोळ्यानं गाव बघून काय कळणार? पोस्टमनच्या डोळ्यानं बघितलं असतं तर एकेक दार कळलं असतं. आणि त्या उंचीवरून त्यांनी जे कॉलेज म्हणून दाखवलं ते जी. ए. शिकवत ते जनता शिक्षण समितीचं कॉलेज नव्हतंच, असं अण्णांचं म्हणणं. मी खात्री देऊ शकत नाही. मला ते सगळं झाडांसारखंच दिसलं.

पाठमोरा माणूस आता टेबलाशी बसला. रात्र. कंदील. दौत. टाक. आणि डोळ्यांवर काळा चष्मा.

अण्णा खुर्चीतून पुढं सरकले. ‘‘येनप्पा हे! रात्री, कंदिलात, काळा चष्मा लावून लिहायलाय! मग अंधार नाही दिसणार तर काय दिसंल?’’

काकूंना हसू आवरेना. पण माझ्या मनात आलं, की जी. एं.बद्दल आपण सगळ्यांनी हेच तर केलंय. तो चष्मा त्यांनी घातला होता जगानं आपल्याला बघू नये म्हणून. आणि आपण समजतो, की ते जगाकडे त्यातून बघत होते.

मग जाणकार आले. पहिले जाणकार पुस्तकांच्या कपाटापुढे बसले होते. ते ‘नियती’ म्हणाले. जी. एं.च्या कथेत नियती कशी आहे हे त्यांनी सांगितलं, मग काफ्का कसा आहे ते सांगितलं, मग काफ्काच्या कथेत नियती कशी आहे तेही सांगून टाकलं. दर नियतीला अण्णा एक भजं उचलत होते, रागानं. काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, ‘‘त्यांना जरा आवरतं घ्या म्हणावं, पीठ संपलंय.’’

‘‘त्यांच्या गोष्टीत दरवाजा असला तर तो कसला आहे, बिजागरी कशी वाजती, उंबऱ्याला काय लागलंय, सगळं असतंय,’’ अण्णा माझ्याकडे वळून म्हणाले. ‘‘माणूस खिशात हात घालतो तर खिशात काय काय आहे ते पण असतंय. आणि हा एका शब्दात सगळं बांधून थैलीत टाकायलाय.’’

दुसरे जाणकार हे स्नेही होते. जी. एं.बरोबर आपण तासन्‌तास गप्पा मारत असू, असं ते म्हणाले.

‘‘खोटं,’’ अण्णा म्हणाले. ‘‘तासन्‌तास बोलणारा माणूस एवढी पत्रं कशाला लिहील?’’

इथं अण्णांचा निवाडा एकतर्फी होता, हे सांगायला हवं. आपल्या माणसांत जी. ए. खुलत, हसत-हसवत, असं त्यांच्या जवळच्यांनी लिहून ठेवलं आहे, आणि पत्रांत तर त्यांचा मिस्कीलपणा पानोपानी दिसतो. पण अण्णांचं सगळं माहात्म्य जी. एं.च्या न बोलण्यावर उभं. ते बोलले असं एकदा कबूल केलं, की अण्णा उरतात नुसते तिकिटं विकणारे.

तिसरे बेळगावचे होते. त्यांच्या चुलत्यांचा आणि जी. एं.चा शाळेतला बाक शेजारी-शेजारी. बेळगाव निघाल्याबरोबर अण्णांनी पाठ ताठ केली. धारवाड आणि बेळगाव यांच्यात अंतर पाऊणशे किलोमीटरच्या आसपास, पण जी. एं.च्या बाबतीत ते रोज वाढतं. बालपण बेळगावकडे गेलं हे अण्णा नाकारत नाहीत. ते त्याला ‘किरकोळ’ म्हणतात. ‘निळासावळा’ १९५९ सालचा, ‘काजळमाया’ १९७२ ची, ‘सांजशकुन’ आणि ‘रमलखुणा’ १९७५ च्या. ‘‘तेव्हा ते कुठं होते, बेळगावात? बाकावर बसून कुणी ‘रमलखुणा’ लिहिलीय काय?’’

धारवाडचा अभिमान तसा साधार आहे. एका लहानशा गावात एकाच वेळी कवी बेंद्रे आणि जी. ए. राहत होते. बेंद्र्यांच्या घरात मराठी, आणि लिहिलं कन्नडमधे. जी. एं.च्या भोवती सगळी कन्नड, आणि त्यांनी लिहिलं मराठीत. १९७३ चं ज्ञानपीठ बेंद्र्यांकडे आलं, गोपीनाथ महांतींबरोबर विभागून. आणि त्याच सालचा साहित्य अकादमीचा मराठीचा पुरस्कार ‘काजळमाये’ला. एकाच गावात, एकाच सालचे दोन. अण्णा हे सांगताना दोन्ही पाकिटं आपणच फोडल्यासारखे बोलतात. बेंद्र्यांवर गिरीश कर्नाडांनी माहितीपट केला तेव्हा बेंद्रे स्वतः कॅमेऱ्यापुढे होते, त्यामुळे कुणाची पाठ दाखवायची वेळ आली नाही. ‘‘छत्री घेऊन साधनकेरीतनं निघाले की दिसंल त्याच्याशी बोलत. पोस्टात आले की लाइन थांबायची,’’ असं अण्णा सांगतात. बेंद्रे अण्णांशी भरपूर बोललेले दिसतात. त्यामुळे त्यांच्याबद्दल अण्णांना विशेष सांगण्यासारखं काही नाही.

पुरस्काराचा भाग आला. निवेदक म्हणाला, जी. एं.नी अकादमीचा पुरस्कार नाकारला.

‘‘नाकारला नाही!’’ अण्णा ओरडले. ‘‘घेतला, आणि पुस्तक प्रसिद्ध झाल्याच्या तारखेवरनं वाद निघाला तेव्हा परत केला. नाकारणं वेगळं, परत करणं वेगळं. नाकारण्यात पोस्टाचा संबंध येत नाही.’’

‘‘म्हणजे परत गेला तो तुमच्या खिडकीवरून?’’

‘‘रजिस्टरनंच गेला असणार की.’’ मग जरा थांबून, ‘‘त्या महिन्यात मी मनीऑर्डरला होतो.’’

ही एक गोष्ट अण्णांची मला फार आवडते. ते दावा करतात, पण खिडकी बदलत नाहीत.

आणि मग पत्रं आली. संगणकावर केलेली पाकिटं आकाशातून पानांसारखी गळत होती, सारंगी चालूच होती. एक पाकीट गिरक्या घेत कॅमेऱ्यापाशी आलं आणि थांबलं. त्यावर पत्ता होता, शिक्का होता, साल होतं १९६६. अण्णांनी रिमोट हिसकावून घेतला. चित्र गोठवलं. काळा चष्मा काढला, जो त्यांनी नातीच्या बारशालाही काढला नव्हता, आणि पडद्याला नाक लावून वाचलं.

‘‘पिनकोड,’’ ते म्हणाले.

मला आधी कळेना.

‘‘सहासष्ट सालच्या पाकिटावर सहा आकडी पिनकोड टाकलाय यांनी! चार शून्य शून्य शून्य शून्य चार! अहो, पिनकोड आला बहात्तर साली, पंधरा ऑगस्टला. तोवर मुंबई ४, बस्स. सहा वर्षं आधी जी. एं.ना कसा कळला? हीच का यांची नियती?’’

पुढची पाच मिनिटं माहितीपट थांबलेलाच राहिला आणि अण्णा चालू राहिले. पिनकोड हा त्यांचा दुसरा जीव. तो बसवला श्रीराम भिकाजी वेलणकरांनी, म्हणजे आपल्या मराठी माणसानं, आणि ते गृहस्थ संस्कृतातले कवी होते. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून वर्गवारीचा जिल्हा, शेवटचे तीन वाटप करणाऱ्या पोस्टाचे. सहा आकड्यांत देशातलं कुठलंही पोस्ट. ‘‘याला म्हणतात रचना,’’ अण्णा म्हणाले. वेलणकरांवर माहितीपट का नाही, असाही प्रश्न त्यांनी विचारला, आणि खरं सांगायचं तर मलाही तो रास्त वाटला.

चित्र पुढं सरकलं. आणखी एक पत्र गिरक्या घेत आलं, हे निळं आंतरदेशीय, आणि त्यावर वेगळं तिकीट चिकटवलेलं. पाच रुपयांचं. अण्णा काही बोलले नाहीत. नुसते काकूंकडे बघत राहिले. काकूच म्हणाल्या, ‘‘आंतरदेशीयावर तिकीट छापलेलंच असतंय की.’’ संसार म्हणजे काय, ते मला त्या क्षणी दिसलं.

शेवटची पंधरा मिनिटं राहिली, आणि अण्णांचा राग बदलला. आतापर्यंत तो पोस्टाचा राग होता. अमोल पालेकरांच्या ‘कैरी’तलं एक दृश्य दाखवलं, ते त्यांनी मुकाट पाहिलं. मग कॉनरॅड रिक्टरचे अनुवाद, ‘रान’, ‘शिवार’, ‘गाव’. अमेरिकेतल्या जंगलात घर बांधणाऱ्या माणसांच्या तीन जाड कादंबऱ्या जी. एं.नी मराठीत आणल्या, त्या तीन मुखपृष्ठांत उरकल्या. अण्णा खुर्चीत चुळबुळ करायला लागले. वठलेलं झाड पुन्हा आलं. पाठमोरा माणूस धुक्यात चालायला लागला. निवेदकानं आवाज आणखी खाली नेला.

‘‘बिम्म कुठाय?’’ अण्णा म्हणाले.

कुणी उत्तर दिलं नाही.

‘‘बिम्म! ‘बखर बिम्मची’! तासभर झाला, बिम्मचं नाव नाही! ‘मुग्धाची रंगीत गोष्ट’ नाही! हा माणूस लहान पोरांसाठी एवढं गोड लिहून गेला, आणि यांच्याकडं नुसता कावळा?’’

ते उठून आत गेले आणि ‘बखर बिम्मची’ घेऊन आले. पुठ्ठा सुटलेला, पाठीला पोस्टाच्या पार्सलाला लावतात तसली खाकी चिकटपट्टी. या प्रतीवरून त्यांनी मुलाला वाचून दाखवलं, मग नातीला. नात इंग्रजी शाळेत जाते, मराठी वाचताना अडखळते, पण बिम्म तिला तोंडपाठ आहे. अण्णा पुस्तक उघडून उभे राहिले, पडद्याकडे पाठ करून, आणि बिम्मचं एक पान मोठ्यानं वाचायला लागले. धारवाडी हेल घेऊन वाचलं तरी वाक्य कुठं मोडलं नाही. मागं सारंगी आणि कावळा आणि नियती, पुढं अण्णा आणि बिम्म. काकूंनी टीव्हीचा आवाज कमी केला.

माझं मत विचाराल तर, त्या तासाभरात जी. ए. नीट वाचलेला माणूस पडद्याच्या अलीकडच्या बाजूला होता. पडद्यावरचे सगळे त्यांना भेटले होते. भेटण्यात एक सोय असते, मग वाचावं लागत नाही. अण्णांच्या नशिबी ती सोय नव्हती. त्यांना पुस्तकंच वाचावी लागली.

श्रेयनामावली सुरू झाल्यावर अण्णा परत आले. या भागावर त्यांचा खरा डोळा होता. ऋणनिर्देशात वाङ्मयीन मंडळी होती, कॉलेज होतं, दोन लॉज होते, घारीचा कॅमेरा उडवणारा होता, धुक्याच्या यंत्राचा मालक होता, एक खानावळ होती. पोस्ट नव्हतं. शेवटी ‘आणि ज्ञात-अज्ञात सर्वांचे’ असं आलं.

‘‘यात आलात की तुम्ही,’’ मी म्हणालो.

‘‘ज्ञातमधे की अज्ञातमधे?’’ अण्णांनी विचारलं.

मी गिरमिटाची बशी पुढं ओढली.

पुढच्या आठवड्यात अण्णांनी वाहिनीला पत्र लिहिलं. आधी ते रजिस्टरनं पाठवायचं होतं. पण २०२५ मधे रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमधे मिसळून टाकल्याचं दुःख अजून ताजं होतं, म्हणून स्पीड पोस्टनं पाठवलं, निषेध म्हणून लाल शाईत पत्ता घालून. पत्रात चुका क्रमवार होत्या: चिखल, कंदील, परत केलेला पुरस्कार, पिनकोड, आंतरदेशीय, बिम्म. घरच्या मंडळींत जी. एं.ना बाबुअण्णा म्हणत, हेही त्यांनी त्यात घातलं, आणि कंसात, ‘मलाही अण्णाच म्हणतात’ असं लिहिलं. यातून काय सिद्ध होतं ते वाहिनीनं ठरवायचं होतं.

उत्तर म्हणून मोबाइलवर आभाराचा छापील संदेश आला. अण्णांनी तो दोन दिवस कुणाला दाखवला नाही. मग एका संध्याकाळी निर्मिती कंपनीतल्या कुणा मुलीचा फोन आला. पत्र तिनं पूर्ण वाचलं होतं, अगदी शेवटपर्यंत. हसली होती, आणि पिनकोडची चूक तिच्या जिवाला लागली होती. जी. एं.च्या पत्रांवर आणखी एक छोटा भाग करायचा विचार आहे, आजोबा, तुम्ही कॅमेऱ्यापुढे बोलाल का?

पन्नास वर्षं ज्या प्रश्नाची वाट पाहिली तो अखेर आला होता. काकू सांगतात, अण्णांनी फोन कानाला धरला, भिंतीकडे तोंड केलं, काळा चष्मा नीट बसवला आणि म्हणाले, ‘‘मी मुलाखती देत नाही.’’ आणि फोन ठेवला.

मग ते फोनशेजारी बसून राहिले. त्यांची समजूत अशी, की मोठ्या माणसाला दोनदा विचारायची पद्धत असते. त्या मुलीला ही पद्धत कुणी शिकवलेली नसावी. महिना झाला, दुसरा फोन आलेला नाही. दुपारी ते झोपतात तेव्हा काकूंनी फोनजवळ बसायचं, असं ठरलं आहे. मला त्यांनी जिन्यात गाठून विचारलं, ‘‘टाळायला लागलीय काय हो ती मला?’’ आणि उत्तराची वाट न बघता, थोडे खूश होऊनच, वर गेले.

तेव्हा वाचकहो, तुमच्यापैकी कुणी जी. एं.वर काही करणार असाल, पुस्तक, चित्रपट, नुसता शाळेतला कार्यक्रम, तर अण्णांना एकदा विचारा. ते नाही म्हणतील. दुसऱ्यांदा विचारा. पत्रानं विचारलंत तर अधिक चांगलं. पिनकोड घाला, आणि तिकीट पुरेसं लावा.